पॉवर प्रेस बनवताय? ड्रॉइंगमध्येच या चुका टाळा

शीट मेटलचं काम करणाऱ्या शॉपमध्ये, मग ते भोसरीचं असो की वाळूजचं, पॉवर प्रेस (पत्रा साच्यात दाबून कापणारं किंवा वाकवणारं मशीन) असतेच. बोटं जाण्याचे अपघातही मुख्यतः तिच्यावरच होतात. नंतर दोष बहुधा ऑपरेटरवर येतो: ‘त्याचं लक्ष नव्हतं.’ शिफ्टभर एकच हालचाल करणाऱ्या माणसाचं लक्ष कधीतरी ढळणारच, आणि ते धरूनच मशीन बनवायचं असतं. 1948च्या कारखाना कायद्यात 1987च्या दुरुस्तीनं कलम 7-ब आलं आणि ही जबाबदारी मशीन डिझाइन करणाऱ्यावर आणि बनवणाऱ्यावर कायद्यानंच टाकली गेली.

सगळ्यात घातक चूक म्हणजे की-क्लचच्या प्रेसला लाइट कर्टन (हात आडवा आला की थांबायचा सिग्नल देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून ती ‘सुरक्षित’ म्हणून विकणं. या क्लचमध्ये ‘की’ (फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टशी जोडणारी खीळ) एकदा गुंतली, तर क्रँकशाफ्ट पूर्ण फेरा मारूनच थांबतो. कर्टननं हात ओळखला, सिग्नलही दिला, तरी रॅम (क्रँकशाफ्टनं वर-खाली होणारा ठोकळा) खाली येतच राहतो. शिवाय की किंवा स्प्रिंग तुटली तर पेडल न दाबता दुसरा स्ट्रोक पडू शकतो. अशा प्रेसला फिक्स्ड गार्ड, म्हणजे बोल्टनं घट्ट बसवलेलं आवरणच हवं. त्यात पत्रा सरकवायला 12 ते 20 मिमीची लांब फट ठेवायची असेल, तर डाय (साचा) त्या फटीपासून निदान 120 मिमी आत असली पाहिजे, नाहीतर बोट पोचतं. ग्राहक नवी प्रेस मागत असेल तर त्याला न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचचीच द्या. चार पैसे जास्त लागतील, पण रॅम अर्ध्या वाटेत थांबवता येतो.

न्यूमॅटिक क्लच आला म्हणजे कर्टन कुठेही बसवला तरी चालतो, असंही नाही. हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरतात. कर्टनचा किरण अडल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत 0.2 सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून किमान 400 मिमी दूर हवा. हा हिशेब 14 मिमी रिझोल्यूशनच्या, म्हणजे 14 मिमी जाडीची वस्तूही ओळखणाऱ्या कर्टनचा आहे. स्वस्त पडतो म्हणून 30 मिमीचा घेतलात, तर त्यात आणखी 128 मिमी मिळवा. जागा नाही म्हणून डायच्या तोंडाशी बसवलेला कर्टन कुचकामी आहे. ब्रेक लायनर झिजला की थांबायचा वेळ वाढतो, तेव्हा पहिल्यापासूनच थोडं जास्त अंतर ठेवा.

दोन हातांची बटणं देताना दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक पडेल, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा पडणार नाही, असं सर्किट हवं. नाहीतर एक बटण दोरीनं बांधलं जातं आणि एक हात डायमध्ये फिरत राहतो. बाजूला उभ्या हेल्परचे हात मात्र या बटणांनी वाचत नाहीत. तिथे गार्ड लागतोच.

गार्ड काढून ठेवलेला दिसला की उत्पादक ग्राहकाला बोल लावतात. पण डाय बदलताना दरवेळी आठ बोल्ट खोलावे लागत असतील, तर दुसऱ्या आठवड्यात तो गार्ड कोपऱ्यात उभा दिसणारच. बिजागरीचा दरवाजा द्या, त्याला इंटरलॉक (दरवाजा उघडा असताना मशीन चालू न देणारा स्विच) द्या आणि सेटिंगसाठी वेगळा इंचिंग मोड (रॅम थोडा थोडा सरकवण्याची सोय) द्या. साधा लिमिट स्विच चिकटपट्टीनं दाबून ठेवता येतो, म्हणून कोडेड स्विच (फक्त आपल्या जोडीचा तुकडाच ओळखणारा) वापरा.

दाबलेलं इमर्जन्सी स्टॉपचं बटण परत बाहेर ओढल्यावर किंवा गेलेली वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. याची चाचणी मशीन गाडीत चढवण्याआधी स्वतः उभं राहून घ्या.

‘मॅन्युअलमध्ये लिहिलंय’ ही सबब चालत नाही. यंत्रसुरक्षेच्या आयएसओ 12100 या मानकात (आपल्याकडे आयएस 16819) क्रम स्पष्ट आहे: आधी डिझाइनमध्येच धोका काढा, उरेल त्याला गार्ड लावा, आणि त्यानंतरही जो राहील त्याचीच सूचना लिहा. ती मराठीत आणि हिंदीत लिहा, कारण प्रेसवर उभा असलेला माणूस तीच वाचणार आहे. सोबत थांबायचा मोजलेला वेळ आणि कर्टनचं किमान अंतर मशीनच्या प्लेटवरच कोरून द्या, म्हणजे मेंटेनन्सवाल्याला पुढच्या तपासणीत नेमकं काय ताडून पाहायचं ते कळेल.