आजीच्या वर्षश्राद्धापर्यंत तिची स्मरणपुस्तिका कशी तयार कराल

आधी तारीख पक्की करा. वर्षश्राद्ध तिथीने होतं. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस, त्यामुळे तिथी साधारण ११ दिवस अलीकडे येते. मध्ये अधिक महिना पडला तर उलट १९-२० दिवस पुढेही जाऊ शकते. इंग्रजी तारीख धरून चाललं की पुस्तिका छापखान्यातच राहते आणि पाहुणे जेवून घरी जातात. गुरुजींकडून तारीख लिहून घ्या आणि तिथून मागे मोजत या: छपाई-बांधणीला दहा दिवस, दोनदा प्रुफं तपासायला पंधरा, मजकूर जुळवायला महिना आणि माणसांना भेटायला निदान दोन महिने. आजी सवाष्ण गेली असेल तर भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, हा दिवसही पुस्तिका द्यायला योग्य आहे.

भेटी वयाने मोठ्या माणसांपासून सुरू करा. आजोबा असतील तर पहिले ते. मग तिच्या बहिणी, भावजया, नणंदा, जावा आणि जुन्या चाळीतल्या शेजारणी. मुलं-नातवंडं शेवटी. त्यांनी तिला आई किंवा आजी म्हणूनच पाहिलेलं असतं. ती कुणाची तरी धाकटी बहीण किंवा नवी सून होती, ते दिवस पाहिलेली माणसं थोडी उरलेली असतात. फोनवर रेकॉर्डिंग करा, पण पंखा बंद ठेवा आणि कुकर लावलेला असताना सुरू करू नका. एका बैठकीला पाऊण तास पुरे.

‘ती कशी होती?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं: मायाळू, कष्टाळू, सोशिक. ते खरंच असतं, पण अशी पुस्तिका कुणाच्याही आजीची होऊ शकते. विचारायचं ते असं: सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं करायची? पाणी किती वाजता यायचं आणि कोण भरायचं? रागावली की बोलायची की अबोला धरायची? भिशीचे पैसे कशासाठी साठवायची? उखाणा कोणता घ्यायची? आजोबांना तर लहानातलं लहान विचारा, म्हणजे डब्यात काय द्यायची, स्टेशनवरून यायला उशीर झाला तर काय करायची. मोठ्या प्रश्नावर ते गप्प होतात. डब्याबद्दल विचारलं की अर्धा तास बोलतात.

पहिल्या पानावर तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि गाव हवंच. लग्नात नाव बदललेलं असेल तर दोन्ही नावं लिहा, शिवाय माहेरी कोणत्या नावाने हाक मारत तेही. जन्मतारखेबाबत सावध राहा. दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख असते. बहिणीला सण किंवा महिना विचारा; ‘गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं काही निघालं तर तेच शब्द छापा. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, छापील मंगलाष्टकं, जुनं रेशन कार्ड एवढे कागद मिळाले तरी बराच सांगाडा उभा राहतो.

साल आठवत नसेल तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेचा आधार द्या. मुंबईत टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२, रेल्वेचा संप मे १९७४, ठाण्याचं गडकरी रंगायतन नाट्यगृह १९७८, गिरणी संप जानेवारी १९८२, लोकल वाशीपर्यंत आली ती मे १९९२, ठाण्याहून वाशीला थेट गाडी २००४, आणि २६ जुलै २००५ चा पाऊस. ‘वाशीच्या खोलीत राहायला गेलात तेव्हा गाडी होती की बसने जायचात?’ एवढ्या एका प्रश्नावर दहा वर्षांचा घोळ सुटतो.

सगळ्यात जास्त जागा तिच्या हातच्या गोष्टींना द्या. हिशेबाची वही सापडली तर एक अख्खं पान जसंच्या तसं छापा: दूध, वाणी, मुलाची फी, आणि कोपऱ्यात पेन्सिलने केलेली वजाबाकी. टंकून घेऊ नका, अक्षरच हवं. पाककृतीत तिचं माप तिच्या वाटीचं असतं. ती वाटी शोधा, वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग वालाच्या बिरड्याची कृती लिहिताना ‘एक वाटी वाल’ म्हणजे किती ते पणतीलाही कळेल. वाल किती तास भिजवायची, पंच्यात बांधून कुठे ठेवायची, थंडीत मोड यायला किती वेळ जास्त लागायचा, हे सुनेला विचारा. मुलांना ते सहसा सांगता येत नाही.

फोटोंमध्ये दोन चुका नेहमी होतात. पहिली, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवणं. त्यात तो दाबला जातो आणि छापल्यावर चेहरा धुरकट येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरी, चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढणं. दातांसाठीचा फ्लॉस फोटोच्या मागून हळूहळू सरकवत न्या. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काढूच नका, काचेवरूनच स्कॅन करा. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात असे फोटो हमखास चिकटतात. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करा: ३ बाय २ इंचांचा फोटो मग ६ बाय ४ पर्यंत स्वच्छ छापता येतो. पासपोर्ट फोटो असेल तर १२०० ठेवा. मागे काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा.

आकार ए५, पानं ३२ ठीक. सेंटर पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. आत १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा, न चकाकणारा कागद, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन. शंभर-दीडशे प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये दिलात आणि छापखान्यात तो श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत बदलला, तर रफार सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. म्हणून पडद्यावर पाहून होकार देऊ नका. कागदावरचं प्रूफ घ्या आणि ‘सासऱ्यांच्या’, ‘सुनेच्या दुसऱ्या’ असे शब्द बोट ठेवून वाचा.

नावांची यादी दोघांनी तपासावी, एक सासरचा आणि एक माहेरचा. गळतात ती बहुतेक वेळा मुलींकडची नातवंडं, आणि तो सल वर्षानुवर्षं राहतो. सवाष्ण गेली असेल तर ‘कै. सौ.’, आजोबा आधी गेले असतील तर ‘कै. श्रीमती’.

शेवटची दोन पानं कोरी सोडा आणि श्राद्धाच्या दिवशी एक प्रत पेनासकट दाराजवळच्या टेबलावर ठेवा. माहेरचं कुणीतरी तेव्हा आठवलेलं त्यात लिहून जातं. आतला कागद मॅपलिथो घ्यायचा तो यासाठीही; गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई लगेच वाळत नाही, हात लागला की फासते.