लालपाठी सॅलमँडर मोजताना: नव्या संशोधकांसाठी अनुभवाचे चार शब्द

प्लेथोडॉन सिनेरियस, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांतला लालपाठी सॅलमँडर, प्रबंधासाठी निवडणाऱ्यांना पकड-खूण-पुनर्पकड पद्धत (प्राणी पकडून, खूण करून सोडणे आणि पुढच्या फेऱ्यांत खुणेचे किती सापडतात त्यावरून संख्या काढणे) ठाऊक असते, म्हणून तिचा तपशील येथे पुन्हा देत नाही. या प्राण्याला फुप्फुसे नसतात, तो ओलसर त्वचेतून श्वसन करतो. त्यामुळे वरची माती सुकली की तो खाली उतरतो.

माझी झोप उडवली ती याच गोष्टीने. खूण केलेला प्राणी पुढच्या फेरीत दिसला नाही, तर तो मेला असेल, कायमचा दुसरीकडे गेला असेल, तात्पुरता मातीखाली असेल किंवा मोजणीसाठी जमिनीवर ठेवलेल्या फळीखाली असूनही आपल्या हातून निसटला असेल. जॉली आणि सेबर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६५ साली स्वतंत्रपणे मांडलेले, अशा आकड्यांवरून संख्या आणि जगण्याचे प्रमाण काढणारे प्रारूप पहिल्या दोहोंत फरक करत नाही. शेवटच्या दोहोंनाही ते वेगळे ओळखत नाही. पावसानंतरची वाढलेली संख्या आणि उन्हानंतरची घटलेली संख्या यांचा आलेख काढून त्याला ‘चढउतार’ म्हणणे म्हणजे केवळ जमिनीतला ओलावा मोजणे होय. ही चूक टाळण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ पोलॉक यांची १९८२ची रचना वापरावी: थोड्या अंतराने लागोपाठ फेऱ्या, मग मोठा खंड, पुन्हा लागोपाठ फेऱ्या. ग्रेट स्मोकी पर्वतातील प्लेथोडॉनवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही रचना वापरल्यावर बहुतेक प्राणी एका वेळी भूमिगतच असल्याचे दिसले. संगणकप्रणालीत आकडे ओतले की उत्तर मिळते, असे सांगणाऱ्या वरिष्ठांचे मुळीच ऐकू नये. भिजलेल्या पालापाचोळ्यात गुडघे टेकून न बसलेला मार्गदर्शक या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही, हे माझे ठाम मत आहे.

माद्यांच्या बाबतीत हा घोटाळा दुप्पट होतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी कुजक्या ओंडक्यातील पोकळीच्या छताला अंड्यांचा लहानसा घोस टांगते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्याभोवती वेटोळे घालून राहते. त्या काळात वर नरच अधिक सापडतात, म्हणून माद्या मरत आहेत असा निष्कर्ष काढू नये.

लांबी तुंडापासून (तोंडाच्या टोकापासून) अवस्करद्वारापर्यंतच (शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रापर्यंत) घ्यावी, कारण शेपूट तुटून पुन्हा वाढते. बोटे छाटून खूण करणे स्वस्त असले तरी त्वचेखाली टोचलेले रंगीत इलास्टोमर (रबरासारखा लवचिक पदार्थ) मला अधिक पटते.

पहिल्या हंगामात पुनर्पकड अगदी कमी झाली तरी जागा बदलू नये. न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक येथे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सॅलमँडरांचे एकूण वजन पक्ष्यांच्या ऐन विणीच्या काळातील वजनाच्या सुमारे दुप्पट भरले होते; प्राणी पायाखालीच असतात. मात्र उत्तरेकडील माद्या बहुधा एक वर्ष सोडून अंडी घालतात, तेव्हा दोन वर्षांत प्रबंध आटोपण्याची घाई असेल तर प्रजननाचा प्रश्न आराखड्यातून आधीच वगळावा, नाहीतर तिसऱ्या हंगामाची मंजुरी सुरुवातीलाच लेखी घ्यावी.