कॉलेज अर्धवट सोडून एनबीए ड्राफ्टला जायचंय? आधी हे करा
अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळताय आणि डिग्रीआधीच ड्राफ्टला, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, नाव द्यायचंय, तर आधी त्या वर्षात १९ पूर्ण होतायत का बघा, मग लीगच्या कमिटीला विचारा की आपला नंबर कुठे लागू शकतो, मित्रांच्या कौतुकावर अजिबात जाऊ नका. झायन विल्यमसन २०१९ला ड्यूक युनिव्हर्सिटीतून एकाच वर्षात निघाला आणि पहिला निवडला गेला, पण असं फार थोड्यांचं होतं. कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिराला, बोलावलं तर जाच, तिथे उंची अनवाणी मोजतात, बुटांची उंची तिथेच गळते. ड्राफ्टच्या पहिल्या राउंडला निवडलं तर दोन वर्षांचा पगार पक्का, दुसऱ्याला तशी हमी नाही. आणि प्लीज, नाव मागे घेऊन कॉलेजात परतायची एनसीएएची (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) तारीख एनबीएच्या तारखेआधी येते, ती आजच मोबाईलमध्ये टाका. एजंटही एनसीएएचं सर्टिफिकेट असलेलाच घ्या, कॉलेजात परत यायचं झालं तर अडायला नको.