नंबर तोच, कंपनी दुसरी: पोर्टिंग नीट कसं करायचं

रिचार्ज महागला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "जाऊ दे, सगळे सारखेच." आणि मग तोच महागडा रिचार्ज मारला जातो. मला याचा फार राग येतो, कारण आपल्या हातात एक खरं हत्यार आहे, पोर्टिंग, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलणं, आणि ते आपण वापरत नाही.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे मोबाईलच्या कॉलचे आणि डेटाचे दर सरकार ठरवत नाही आणि ट्राय (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी नियामक संस्था) सुद्धा ठरवत नाही. कंपनी स्वतःच दर ठरवते, लागू करते आणि त्यानंतर सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवते, बस. ट्रायने नियम घातलेत ते वेगळ्याच गोष्टींवर, म्हणजे एका कंपनीचा कॉल दुसरीने अडवायचा नाही, सारख्या ग्राहकांत भेदभाव करायचा नाही, आणि सर्वात महत्त्वाचं, ग्राहकाला नंबर घेऊन जाऊ द्यायचं. तेव्हा दर आटोक्यात ठेवायचे असतील तर ग्राहक निघून जाईल ही भीती कंपनीला असायला पाहिजे, आणि ती भीती तुम्ही आम्ही पोर्ट केलं तरच राहते.

ही सोय हरियाणात नोव्हेंबर 2010 ला सुरू झाली, 20 जानेवारी 2011 ला देशभर आली आणि जुलै 2015 पासून सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग, साधारण राज्याएवढा) बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. म्हणजे नागपूरचा पोरगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तरी त्याचा जुना नंबर तिथल्या कंपनीत जातो. जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने साधारण 10 ते 27 टक्के दर वाढवले, बीएसएनएलने वाढवले नाहीत, आणि त्या एकाच महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक 29 लाखांच्या आसपास वाढले. लोक हलतात, हलू शकतात. पण त्यातले बरेचजण नंतर वैतागलेसुद्धा, कारण त्यांच्या भागात बीएसएनएलचं 4जी तेव्हा पोचलंच नव्हतं (स्वदेशी 4जीचं रीतसर उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं). म्हणून पोर्ट करण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, आणि मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

पहिलं काम, नेटवर्क बघा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या फोनवर. दुकानदाराला विचारू नका, तो ज्या कंपनीचं कमिशन जास्त त्या कंपनीचं नाव घेणार. ट्रायच्या 2024 च्या नियमांमुळे कंपन्यांना आता कव्हरेजचे नकाशे आपापल्या वेबसाईटवर टाकावे लागतात, तिथे आपलं गाव किंवा गल्ली झूम करून बघा, 2जी, 4जी, 5जी वेगवेगळं दिसतं. पण नकाशावर हिरवं दिसलं म्हणजे स्वयंपाकघरात रेंज येईलच असं नाही. माझी आत्या कोकणात राहते, तिच्या घराच्या जाड चिऱ्याच्या भिंती, ओट्यावर सगळ्या कंपन्या येतात पण माजघरात फक्त एकच टिकते, आणि ती ज्या कंपनीची रेंज गावात सगळ्यात भारी असं सगळे म्हणतात ती नाहीये. हे कळलं कसं, तर गणपतीला घरात पाहुणे होते, प्रत्येकाचं सिम वेगळं, आम्ही एकेकाचा फोन हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो आणि कॉल लावून बघितले. ही टेस्ट कोणीही करू शकतो. शेजाऱ्याचं, भावाचं, ऑफिसमधल्या मित्राचं सिम तासभर मागा, ड्युअल सिम फोन असेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. ट्रायचं मायस्पीड नावाचं ॲप आहे त्यावर स्पीड मोजा, आणि एकदाच नाही, सकाळी मोजा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला मोजा, कारण आख्खी सोसायटी व्हिडिओ बघत असते तेव्हा टॉवरचा खरा कस लागतो. जिथे नोकरी तिथे मोजा, रोजच्या लोकलच्या किंवा एसटीच्या रस्त्यावर मोजा.

फोन कोणता आहे तेही बघा. घरात आजोबांकडे साधा बटणाचा 2जी फोन असेल तर जिओत पोर्ट करून उपयोग नाही, जिओकडे 2जी नाहीच, त्यासाठी 4जी चालणारा फोन लागतो. एअरटेल आणि व्हीआयवर 2जी अजून चालतं. एवढं एक न बघितल्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे फोन मुके होतात.

आता पैशाचं गणित. प्लॅनची किंमत बघू नका, वर्षाचा खर्च काढा. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला 12 नव्हे, 13 रिचार्ज. 84 दिवसांचा चार वेळा मारला तर 336 दिवस होतात, उरलेल्या 29 दिवसांसाठी अजून एक लागतो. 2022 मध्ये ट्रायने सांगितलंय की प्रत्येक कंपनीने किमान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन ठेवलाच पाहिजे, पण हे प्लॅन जाहिरातीत पुढे नसतात, शोधायला लागतात. ज्यांना नेट लागतच नाही, आईवडील, शेतावरचा फोन, घरी पडून असलेलं दुसरं सिम, त्यांच्यासाठी डिसेंबर 2024 च्या नियमानुसार फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक देणं बंधनकारक झालंय, तोसुद्धा मागून घ्या. सगळ्या कंपन्यांचे प्लॅन शेजारी शेजारी ठेवून बघायचे तर ट्रायचं टॅरिफ पोर्टल आहे, त्यात सर्कल निवडताना एक लक्षात ठेवा, मुंबई हे वेगळं सर्कल आहे (नवी मुंबई, ठाणे, कल्याण त्यातच येतं) आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. पुण्याच्या माणसाने मुंबई निवडली तर चुकीचे प्लॅन दिसतील.

ठरलं? मग पात्रता तपासा, नाहीतर रिक्वेस्ट फेटाळली जाते. आत्ताच्या कंपनीत किमान 90 दिवस झालेले पाहिजेत, मागच्या वेळी पोर्ट केलं असेल तर तिथपासून 90. पोस्टपेड असेल तर आलेलं बिल भरून टाका, कंपनीशी काही ठरावीक मुदतीचा करार असेल तर त्यातली बाहेर पडायची अट पूर्ण केल्याशिवाय जाता येत नाही. नंबरची मालकी बदलायचा अर्ज चालू असेल, किंवा नंबरवरून कोर्टात प्रकरण चालू असेल तर थांबावं लागतं. सिम हरवून नवीन घेतलं असेल तर 1 जुलै 2024 पासून सात दिवस पोर्टिंग कोड मिळत नाही, हे फ्रॉड रोखण्यासाठी आहे आणि चांगलं आहे, कारण कोणीतरी डुप्लिकेट सिम काढायचं, लगेच नंबर पोर्ट करायचा आणि बँक साफ करायची असे प्रकार होऊ शकतात.

मग एसएमएस. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि पाठवायचा 1900 वर. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात, आपल्याकडे तो चार दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येला 30 दिवस). 2019 च्या डिसेंबरपासून कोड देण्याआधीच वरच्या अटी तपासल्या जातात, म्हणजे कोड आला की बरंचसं काम झालं असं समजा. तुमच्या रिचार्जमध्ये एसएमएस नसले तरी 1900 ला मेसेज जायलाच पाहिजे, असं ट्रायने डिसेंबर 2021 मध्ये कंपन्यांना लेखी बजावलंय, कारण स्वस्त पॅकवर आउटगोइंग एसएमएसच बंद ठेवायचे आणि माणसाला अडकवून ठेवायचं हा खेळ चालला होता. तरी माझा सल्ला असा की पॅक संपायच्या चारपाच दिवस आधी हे काम काढा, पूर्ण संपल्यावर नाही. फार आधीसुद्धा नको, कारण पोर्ट झालं की जुना बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात, पुढे नेता येत नाहीत.

कोड कोणालाही फोनवर सांगायचा नाही. "मी कंपनीतून बोलतोय, कोड सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. कोड फक्त ज्या दुकानात किंवा ज्या माणसासमोर तुम्ही फॉर्म भरताय तिथेच द्यायचा.

दुकानात आधार घेऊन जा, फोटो काढतात, केवायसी होतं, नवीन सिम हातात मिळतं. तिथे दोन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या. एक, तो स्क्रीनवर पोर्ट-इनच करतोय ना, नवीन नंबर काढत नाहीये ना, कारण गर्दीत हे होतं आणि मग तुमच्या नावावर एक फालतू सिम पडून राहतं. दोन, पहिला रिचार्ज कोणता टाकतोय. "साहेब, पोर्टवाल्याला हाच लागतो" म्हणून महागडा पॅक गळ्यात मारतात, तुम्ही घरून ठरवून आलेला प्लॅन सांगा आणि तोच टाकायला लावा. घरी आल्यावर संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते एकदा तपासून घ्या.

यानंतर जुन्या कंपनीचा फोन येतो. येतोच. आत्तापर्यंत ज्यांनी कधी विचारपूस केली नाही ते अचानक खास ऑफर देतात. ऑफर खरंच चांगली वाटली तर एकच विचारा, ही पुढच्या रिचार्जलापण मिळणार का, आणि एसएमएसवर लिहून पाठवा म्हणावं. बहुतेक वेळा तिथेच संभाषण संपतं. मन बदललंच तर रिक्वेस्ट दिल्यापासून 24 तासांत इंग्रजीत कॅन्सल, जागा, नंबर असा मेसेज 1900 ला पाठवून रद्द करता येतं.

त्याच सर्कलमध्ये असेल तर तीन कामाचे दिवस, सर्कल बदलत असेल किंवा ऑफिसच्या नावावरचा कॉर्पोरेट नंबर असेल तर पाच. पोर्ट व्हायची तारीख एसएमएसने कळते. ते बहुतेक रात्री होतं आणि मध्ये काही तास फोन बंद असतो, म्हणून त्या रात्री घरात कोणी आजारी असेल तर दुसरा चालू फोन जवळ असू द्या. जुन्या सिमवरची रेंज गेली की नवीन सिम टाका. जुन्या सिममध्ये सेव्ह केलेले नंबर आधीच फोनमध्ये कॉपी करून ठेवा, ते आपोआप येत नाहीत.

व्हॉट्सॲपला काही होत नाही, नंबर तोच आहे. यूपीआय ॲप मात्र सिम बदललं की परत रजिस्टर करायला सांगतं, त्यामुळे त्या एकदोन दिवसांत मोठा व्यवहार, शाळेची फी, तिकिटं असलं काही ठेवू नका. पोस्टपेडवाल्यांनी पोर्ट झाल्यावर येणारं शेवटचं बिल भरायचंच, ते थकवलं तर जुनी कंपनी तक्रार करून नंबर नवीन कंपनीकडेही बंद पाडू शकते. डिपॉझिट भरलेलं असेल तर ते परत मागायला विसरू नका.

घरच्या लँडलाईनचं मात्र वाईट आहे, तिथे नंबर पोर्ट करायची सोय आपल्या देशात नाही. फायबरवाला बदलला तर फोन नंबर बदलतो. म्हणून दवाखाना, दुकान, क्लास यांच्या पाटीवर मोबाईल नंबरच टाका असं मी सगळ्यांना सांगतो, पाटी रंगवलेली राहते आणि कंपनी बदलायची मोकळीक पण राहते.

आता अडवणूक झाली तर. कोड आला नाही, किंवा कारण नसताना रिक्वेस्ट फेटाळली, तर आधी 198 ला फोन करून तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, तो नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचाच नाही. माझ्या ओळखीच्या एका काकांना पोस्टपेडचं बिल भरलेलं असताना थकबाकी आहे म्हणून नाकारलं होतं, त्यांनी पावतीचा स्क्रीनशॉट आणि डॉकेट नंबर घेऊन पाठपुरावा केला तेव्हा काम झालं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येतं, फी लागत नाही, आणि अपिलाचा निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवून वाट बघण्यात वेळ घालवू नका. अपील करूनही झालं नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून जा, तिथे डॉकेट नंबर आणि अपिलाचा नंबर दोन्ही मागतात, म्हणून पहिल्या फोनपासून तारखा एका कागदावर लिहीत जा.