कल्याणकारी योजनेला पाठिंबा द्यावा का, हे भांडवलशाहीविरोधी स्वातंत्र्यवाद्याने कसे ठरवावे

राज्यसंस्था आणि भांडवलशाही या दोहोंना विरोध करणाऱ्याने ‘सरकारी म्हणून त्याज्य’ असा निकाल देण्याआधी, ती योजना उद्या बंद झाली तर सत्ता कोणाच्या हाती जाईल, हे तपासावे. बेकारभत्ता संपला की कामगाराला मिळेल त्या मजुरीवर राबावे लागते; राज्य आक्रसते, पण मालकाची हुकमत वाढते, आणि याला स्वातंत्र्य म्हणणे मला अमान्य आहे.

मग अटी वाचाव्यात. बिनशर्त मदतीला पाठिंबा द्यावा, चौकशी आणि पाळत लादणाऱ्या नियमांना विरोध करावा. हेतूंबाबत भाबडे राहू नये: बिस्मार्कच्या जर्मनीने १८७८ मध्ये समाजवादी संघटनांवर बंदी घातली आणि १८८३ मध्ये कामगारांना राज्याशी बांधून घेण्यासाठी आजारविमा आणला. तरीही त्या विम्याच्या स्थानिक निधींवर, दोन तृतीयांश वर्गणी भरणाऱ्या कामगारांना तितकेच प्रतिनिधित्व मिळाले, आणि समाजवाद्यांनी तेथेच पाय रोवले. म्हणून योजनेचा कारभार लाभार्थ्यांच्या हाती देण्याची मागणी सतत लावून धरावी, आणि सोबतच परस्पर साहाय्याच्या स्वतंत्र संस्था उभाराव्यात.

राज्याची कामे कमी करायचीच असतील, तर सुरुवात उद्योगांची अनुदाने आणि मक्तेदारीचे परवाने यांपासून करावी. गरिबांची मदत सर्वांत शेवटी, पर्यायी आधार प्रत्यक्ष उभा राहिल्यावरच विचारात घ्यावी.