साइट बदलली तरी टीबीच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून

मी बिगारी होतो. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते, खोकला थांबला होता, भूकही लागत होती. तेवढ्यात मुकादमाने दुसऱ्या साइटवर नेलं आणि गोळ्या सुटल्या. काही महिन्यांनी ताप परत आला. म्हणून सामान बांधताना दिसेल त्याला मी थांबवून हे सांगतो.

निघायच्या आधी गोळ्या मिळतात त्या केंद्रावर जा. कुठे चाललात ते सांगा आणि बदलीची चिठ्ठी मागा. तिच्यावर नोंदणी क्रमांक, उपचार सुरू झाल्याची तारीख, औषधांची नावं, किती डोस झाले आणि शेवटच्या थुंकी तपासणीचा निकाल हवा. वाचता येत नसेल तर तिथेच वाचून घ्या. चिठ्ठीचा फोटो घरच्या माणसाला पाठवून ठेवा, कारण पत्र्याच्या खोलीत कागद भिजतो. प्रवासाला आणि पुढच्या काही दिवसांना पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या. रिकामी पाकिटंही जपा. चिठ्ठी हरवली तर नव्या डॉक्टरला औषध तरी कळेल.

पोचल्यावर पहिला खाडा तिथल्या टीबीच्या केंद्रावर जाण्यासाठीच करा. आजाराचं नाव मुकादमाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. "दवाखान्यात जायचंय" एवढंही पुरतं.

औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा नेहमीचा उपचार ६ महिन्यांचा असतो. पहिले २ महिने चार औषधं, पुढे कमी. बरं वाटू लागतं ते खूप आधी, आणि माझी चूक तिथेच झाली. अर्धवट सोडलं की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, केंद्रावर सांगा.

या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधामुळे लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका. मात्र डोळे पिवळे झाले, नजर धूसर झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बायकांनो, रिफाम्पिसिनने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, तेही विचारून घ्या.

खोलीत सोबत झोपणाऱ्यांची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला खोकला नसला तरी न्या. त्याला प्रतिबंधक औषध लागू शकतं.