स्वस्तातलं क्लासिक निवडताना

मी मुखपृष्ठ नाही, आतलं कॉपीराइटचं पान आधी बघते. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव आणि अनुवादाचं वर्ष शोधा. नावच नसेल तर सरळ परत ठेवा. डोव्हर थ्रिफ्ट या स्वस्त इंग्रजी आवृत्त्यांच्या मालिकेत टिपा फारशा नसतात, पण छोट्या कथांना ती आवृत्ती पुरते. रशियन कादंबरीला मात्र टिपा हव्यातच, तिथे एकाच माणसाला चार-चार नावं! त्यासाठी ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स किंवा पेंग्विन क्लासिक्स बघा. प्रस्तावना शेवटी वाचा, ती बिनदिक्कत शेवट सांगून टाकते. नवा विषय समजून घ्यायचाय? १९९५पासून निघणारी ऑक्सफर्डची ‘व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन्स’ मालिका आटोपशीर आहे. शेवटी पुढच्या वाचनाची यादी असते; मी आधी तीच चाळते. अक्षर बारीक असतं, चष्मा जवळ ठेवा.